पर्थचा डॉक्टर दुपारी येतो

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात वर्षाला सुमारे ३,२०० तास ऊन पडतं. म्हणजे रोजचे सरासरी पावणेनऊ तास! एवढ्या उन्हात तिथली माणसं उन्हाळाभर डोळे लावून बसतात ते 'फ्रीमँटल डॉक्टर'कडे. फ्रीमँटल हे पर्थचं बंदर. दुपारी त्या बाजूने येणारा गार वारा तापलेल्या शहराला उतारा देतो, म्हणून तो डॉक्टर. शाळेत आपण पाठ केलेला खारा वारा तो हाच.

पण पर्थचा खारा वारा फार जोरकस. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि शहरावर पूर्वेचं, वाळवंटी मुलखातलं कोरडं वारं वाहू लागतं. सकाळी दहालाच अंग भाजायला लागतं. जमीन अशी रखरखलेली आणि शेजारी हिंदी महासागर जेमतेम बावीस-तेवीस अंशांवर. तापलेली हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा आत घुसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती डावीकडे वळते, त्यामुळे हा वारा सरळ पश्चिमेकडून न येता नैऋत्येकडून, कधी तर किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो. ताशी तीस किलोमीटरचा वेग त्याला नवा नाही.

डॉक्टर कधी येणार, हे ठरवते किनाऱ्यालगतची कमी दाबाची एक दक्षिणोत्तर पट्टी. ती जमिनीकडे सरकली की वाऱ्याला वाट मोकळी. ती समुद्रावरच रेंगाळली, तर पूर्वेचा वारा हटत नाही आणि पारा चाळिशी ओलांडतो. २०२१-२२ च्या उन्हाळ्यात असे तेरा दिवस निघाले, त्यातले सहा जानेवारीत सलग. मार्चमध्ये मुंबई अचानक चाळिशीच्या घरात जाते, तेव्हाही बहुतेक वेळा गुन्हेगार हाच असतो: पूर्वेच्या वाऱ्याने अडवलेला, उशिरा पोचलेला खारा वारा.

१९९२ मध्ये सचिनने ११४ धावा केल्या ते पर्थचं 'वाका' मैदान आपल्याला उसळत्या खेळपट्टीमुळे माहीत. तिथल्या कर्णधारांना मात्र आणखी एक हिशेब करावा लागे. दुपारनंतर वारा पाठीशी घेऊन कुणी धावायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर कुणाला उभं करायचं? दुसरं काम कुणालाच नको असे.

या उन्हाची दुसरी बाजू पाण्याच्या हिशेबात दिसते. पर्थला वर्षभरात साधारण ७३० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः मे ते सप्टेंबरच्या हिवाळी महिन्यांत. मुंबईत एकटा जुलै याहून जास्त देतो. हा पाऊस आणणाऱ्या थंड हवेच्या आघाड्या आता दक्षिणेकडून परस्पर निघून जाऊ लागल्या आहेत. १९७० नंतर ऑस्ट्रेलियाच्या या नैऋत्य कोपऱ्यातला मे ते जुलैचा पाऊस सुमारे वीस टक्क्यांनी घटला. धरणांत येणारं पाणी मात्र त्याच्या कितीतरी पट आटलं, कारण कोरडी माती आधी स्वतःची तहान भागवते. ओढ्यांना उरतं ते उरलंसुरलं.

म्हणून २००६ मध्ये क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना सुरू झाला, पुढे दक्षिणेला दुसरा. पाण्याची मागणी कमी असते त्या दिवसांत या कारखान्यांतलं पाणी पंपांनी डोंगरातल्या धरणांत चढवून साठवतात.