जळालेला टेम्पो आणि आण्णांचा नकाशा

आमच्या गटाचा टेम्पो बाजारात पुन्हा दिसायला लागल्यापासून पुष्कळजणी विचारतात, "हा तोच का, जळालेला?" तोच. तो कसा जळाला आणि पुन्हा कसा उभा राहिला, ते आज सांगतो.

आम्ही अकराजणी. माण तालुक्यातल्या आमच्या गावातून शेवया, पापड, डाळ आणि हंगामात डाळिंबं फलटणला न्यायची, म्हणून गटाने कर्ज काढून जुना डिझेल टेम्पो घेतला. आधीचे मालक शेजारच्या तालुक्यातले, त्यांना सगळे आण्णाच म्हणतात. आठ वर्षं त्यांनी गाडी स्वतः चालवली, गुडघे धरले म्हणून विकली. आता आमच्यातलीच एकजण लायसन्स काढून चालवते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पाठोपाठ पायाखालून धूर. तिने चावी बंद केली, शेजारी बसलेलीला खाली उतरवलं आणि दोघी लांब पळाल्या. हे तिने बरोबर केलं. शेजारच्या रानातली माणसं धावली, त्यांनी माती टाकून आग विझवली. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

मग गावात एकच बोलणं सुरू झालं, की म्हाताऱ्याने बायकांना फसवलं, खराब गाडी गळ्यात मारली. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं. फोनवर आम्ही त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते आले. गुडघे दुखत असताना बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले. बऱ्याच वेळाने एक काळी वायर हातात धरून म्हणाले, "पोरींनो, ही माझी नाही."

ती आमचीच होती. दिवाळीआधी आम्ही दोन मोठे दिवे आणि टेप बसवून घेतला होता. त्याची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली, मध्ये फ्यूज नाही. पत्र्याच्या भोकातून ती केबिनमध्ये आणली होती, पण भोकाला रबराची कडी नव्हती. गाडी हादरत राहिली, पत्र्याची धार वायरला कापत राहिली. वरचं कव्हर गेलं आणि तांब्याची तार पत्र्याला टेकली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, तिचा झटका बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण तार अशी पत्र्याला टेकली, की तीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट एकदम सोडते. तार चुलीतल्या सळईसारखी लाल होते. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली तार. जास्त करंट आला की ती आधी तुटते, बाकीची वायर वाचते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणं म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडं ठेवणं.

आम्ही खाली माना घालून उभ्या होतो. तेव्हा आण्णाच म्हणाले, की डिझेलचा एक पाइप त्यांनी साधा रबरी बसवला होता, विकताना सांगायचं राहिलं. चांगला पाइप असता तर आग कदाचित एवढी वाढली नसती. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

विम्याचं ऐका. पैसे वाचवायचे म्हणून आम्ही फक्त थर्ड पार्टी विमा घेतला होता. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या जळालेल्या गाडीला छदामही मिळत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे, त्यांनी आधी कंपनीला कळवायचं, फोटो काढायचे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. जुनी गाडी घेतली की १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायचा अर्जही द्यायचा.

भंगारवाला २२ हजार देत होता. कर्जाचे हप्ते तर चालूच. बैठकीत दोन तट पडले, आवाज चढले. एकीचा भाचा मोबाइलवर काही दाखवायला आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०२३ मध्ये फेरारी कंपनीची १९५४ सालची शर्यतीची गाडी लिलावात निघाली. १९६० च्या दशकात ती जळाली होती, नुसता चेपलेला पत्रा उरला होता. तरी १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली, कारण त्या सांगाड्याची मूळ नंबरासकट ओळख पटत होती. आमच्या टेम्पोला कुणी डॉलर देणार नव्हतं, तरी मुद्दा लागू होता. आरसी बुकातला चेसिस नंबर शाबूत असेल तर गाडीची ओळख पटते. तो नंबर स्वतः खोडायचा किंवा नव्याने ठोकायचा नाही, तो गुन्हा आहे. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. आमचा नंबर स्वच्छ वाचता येत होता.

मग आण्णा आणि मिस्त्री यांनी गाडी तपासली. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशाला वितळतं, लोखंड त्याच्या दुपटीहून जास्त उष्णतेला. त्यामुळे काही भाग वितळून ओघळले होते, पण चेसिस उभी होती. नुसती काजळी बसलेला पत्रा वाचतो. रंग पूर्ण उडून पत्रा लाटांसारखा वाकला असेल तर तो बदलायचा. केबिनचा तळ आम्ही बदलला. ब्रेकचे रबरी पाइप आणि ऑइल वरून बरं दिसलं तरी नवंच घातलं, तिथे काटकसर नाही. काजळी लगेच धुतली. वायरचं प्लास्टिक जळताना आम्ल तयार होतं आणि ते राहिलं तर पत्रा आतून गंजतो. धुताना हातमोजे आणि तोंडाला फडकं मात्र हवंच.

सगळ्यात अवघड वायरिंग. जळून सगळ्या तारा एकाच रंगाच्या झाल्या होत्या. आण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला. कुठली तार कुठून कुठे जाते, कुठला रंग कशाचा. मिस्त्री त्याबरहुकूम जोडत गेला. एकूण खर्च ६८ हजार झाला. गटाच्या गंगाजळीतून तो केला आणि सहा महिने लाभांश वाटला नाही. दोघीजणी अजून रुसलेल्या आहेत, त्यांचंही चुकत नाही.

आण्णांनी मजुरी घेतली नाही. नवी गाडी आधी गल्लीतून एक चक्कर त्यांनीच मारली.

आता सीटशेजारी आग विझवायची पावडरची टाकी आहे आणि नकाशा प्लास्टिकमध्ये घालून सीटच्या पाठीमागे लावला आहे. कुणाच्या गटाला गाडी घ्यायची असेल तर बघायला या. फक्त रविवारी नको, गाडी फलटणला असते.