शाबासकी इंग्रजीत कशी द्यावी?

मालवणकडच्या जत्रांत रात्री दशावतार रंगतो. लेखी संहिता नसते. नट संवाद जागच्या जागी रचतो. एखादा पहाटेपर्यंत सभा धरून ठेवतो, आणि आपण म्हणतो, ‘कमाल केलंस रे!’ हेच शब्दशः इंग्रजीत नेले, तर साहेब गोंधळेल.

सगळ्यांत तोच उठून दिसला, तर म्हणावे, ‘ही स्टोल द शो.’ यात चोरीचा आळ नाही बरे! स्वतःच्याच मागच्या कामावर त्याने मात केली, तर ‘ही आउटडिड हिमसेल्फ.’ पण हे पहिल्यांदाच पाहिलेल्या नटाला लावू नये. त्याचे मागचे काम आपण कुठे पाहिले? त्याच्या तोंडावर ‘यू वेअर ब्रिलियंट’ पुरे.

गुरुजींनो, मुलांना एवढे सांगा: आधी काय आवडले ते ठरवा, मग शब्द निवडा. नेमकी शाबासकीच माणसाच्या मनाला लागते.