गाडी बंदरात उतरली, रस्त्यावर कधी उतरणार?

परदेशातून मोटार विकत घेणे हे पैशाचे काम आहे; ती आपल्या देशाच्या रस्त्यावर कायद्याने चालविणे हे कागदांचे काम आहे. पहिले काम आठ-पंधरा दिवसांत उरकते. दुसऱ्याला कधी कधी वर्षेच्या वर्षे लागतात. ही अतिशयोक्ती नव्हे. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्यासारख्या धनाढ्य माणसाने घेतलेली जर्मन बनावटीची पोर्शे ९५९ ही मोटार अमेरिकेत कस्टमच्या ताब्यात सुमारे तेरा वर्षे अडकून पडली होती. पैसा होता, वकील होते, खरेदीची पावती होती. नव्हता तो फक्त एक दाखला.

आपल्या वाचकांपैकी फारच थोडे अशी मोटार आणायला निघाले असतील. तरीही लहान कारखानदार, कारागीर आणि आयात-निर्यात करणारे व्यापारी यांनी हे प्रकरण समजून घ्यावे. कारण यातला प्रश्न मोटारीचा कमी आणि संख्येचा जास्त आहे. लाखो नग बनविणाऱ्यासाठी केलेला नियम शे-दोनशे नग बनविणाऱ्याला जसाच्या तसा लावला तर काय होते, हे या मोटारीच्या कहाणीत स्वच्छ दिसते.

मोटार कोणती?

१९८० च्या दशकात मोटार शर्यतींमध्ये ‘ग्रुप बी’ नावाचा वर्ग होता. त्या वर्गात उतरायचे तर कंपनीने तशाच किमान २०० मोटारी तयार केल्या पाहिजेत, असा नियम होता. पोर्शे कंपनीने त्यासाठी ९५९ हे मॉडेल तयार केले. १९८६ ची पॅरिस-डकार शर्यत या मोटारीने जिंकली. ग्राहकांच्या हाती गाड्या पडू लागल्या त्या १९८७ पासून. चारही चाकांना इंजिनाची ताकद, दोन टर्बो, तासाला ३१५ किलोमीटरच्या आसपास वेग, आणि किंमत ४ लाख २० हजार जर्मन मार्क. इतकी किंमत घेऊनही कंपनीला प्रत्येक गाडीमागे तोटाच होत होता, असे म्हटले जाते. एकूण गाड्या निघाल्या त्या सुमारे तीनशे.

अमेरिकेचा नियम असा की, तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीने सरकारी सुरक्षा मानके पाळलीच पाहिजेत. हा कायदा १९६६ चा आहे. कंपनीने स्वतःच आपल्या गाडीचा दाखला द्यायचा. पण दाखला द्यायचा तर हाती पुरावा हवा. गाडी भिंतीवर आदळवून आतल्या पुतळ्यांना किती इजा झाली हे मोजावे लागते. म्हणजे चांगल्या नव्या गाड्या मोडाव्या लागतात. धुराची चाचणी वेगळी आणि ती पाहणारे खातेही वेगळे. सुरक्षेसाठी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, तर धुरासाठी पर्यावरण संरक्षण संस्था. एका खात्याची परवानगी दुसऱ्या खात्यात चालत नाही. पोर्शेने हिशेब केला आणि अमेरिकेसाठी ९५९ मोडून दाखविण्यास नकार दिला.

हिशेब काय सांगतो?

हा नकार गुर्मीचा नव्हता, हिशेबाचा होता. उदाहरणादाखल समजा की सर्व चाचण्यांचा खर्च दहा लाख डॉलर येतो. एक लाख गाड्या विकणाऱ्याला तो दर गाडीमागे १० डॉलर पडतो. तीनशे गाड्या विकणाऱ्याला तो दर गाडीमागे ३,३३३ डॉलर पडतो. आणि एकच गाडी आणणाऱ्या शौकिनाच्या डोक्यावर पुरे दहा लाख बसतात. चाचणी तीच, भिंत तीच, खर्चही तोच. भागाकार मात्र वेगळा.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. जकार्डच्या नव्या नक्षीची कार्डे पाडण्याचा खर्च हजार साड्यांवर वाटला तर कोणाला कळतही नाही. तोच खर्च चार साड्यांवर टाकला तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरून जाते.

१९८८ चा कायदा आणि त्याची वाट

यापूर्वी अमेरिकेत अशा गाड्यांना वाट होती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलर वधारला. १९८५ च्या आरंभी एका डॉलरला तीनहून अधिक मार्क मिळत. जर्मनीत गाडी घेऊन, बोटीने आणून, दुरुस्ती करूनही ती स्वस्त पडे. १९८५ मध्ये साठ हजारांच्या वर गाड्या अशा रीतीने अमेरिकेत आल्या. लहान लहान वर्कशॉप दारात लोखंडी पट्ट्या बसवीत, बंपर मजबूत करीत, बाजूचे दिवे लावीत, मैलांचा स्पीडोमीटर बसवीत आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर जोडीत. काहींचे काम इमानदारीचे होते. काहींनी मात्र काम कागदावरच केले. अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बसू लागला, तक्रारी सरकारदरबारी गेल्या आणि १९८८ मध्ये नवा कायदा झाला. ३१ जानेवारी १९९० पासून तो लागू झाला.

या कायद्याने आयातीची वाट एका अरुंद दारातून नेली. पंचवीस वर्षांच्या आतील, अमेरिकी मानकांसाठी न बनलेली गाडी कायमची आणायची असेल तर ती सरकारकडे नोंदलेल्या आयातदारामार्फतच आणावी लागते. त्यापूर्वी ते मॉडेल आणण्यास पात्र आहे असा सरकारी निर्णय झालेला असावा लागतो. तशीच गाडी अमेरिकेत विकली जात असेल तर काम सोपे; नसेल तर चाचण्यांचे पुरावे देऊन सिद्ध करावे लागते. गाडीच्या किमतीच्या दीडपट जामीनपत्र भरावे लागते. १२० दिवसांच्या मुदतीत दुरुस्ती करून दाखला द्यावा लागतो. मुदत टळली तर गाडी परत पाठवा किंवा मोडीत काढा. मोटारीवरील जकात तिथे कित्येक दशके अवघी अडीच टक्के होती. ती २०२५ मध्ये वाढली. पण अशा गाडीचा खरा खर्च जकातीचा कधीच नव्हता. तो चाचणीचा आणि दुरुस्तीचा होता.

ब्रिटिश बनावटीची मॅक्लॅरेन एफ-वन ही १९९० च्या दशकातील आणखी एक दुर्मिळ मोटार. शर्यतीच्या गाड्या धरून एकूण १०६ बनल्या. त्यातील सात गाड्या अशा दुरुस्त्या करून अमेरिकेत कायदेशीर करण्यात आल्या. या मोटारीची खासियत अशी की चालक मधोमध बसतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सीट असतात. त्या सात गाड्यांच्या बाजूच्या सीट काढाव्या लागल्या आणि बंपरवर रबरी गोळे लावावे लागले. म्हणजे मालकाने घेतलेली वस्तू आणि रस्त्यावर उतरलेली वस्तू पुरती एक राहिली नाही.

मालकांनी काय केले?

९५९ च्या मालकांनी गाड्या चोरवाटेने रस्त्यावर आणल्या नाहीत. गेट्स आणि त्यांचे भागीदार पॉल अ‍ॅलन, तसेच कॅलिफोर्नियातील मोटार व्यावसायिक ब्रूस कनेपा वगैरे मंडळींनी कायदाच दुरुस्त व्हावा म्हणून प्रयत्न चालविले. त्यांचे म्हणणे सरळ होते. जी वस्तू जगात मोजकीच आहे, जिचे तंत्र अभ्यासण्यासारखे आहे आणि जी वर्षातून थोडीच फिरणार आहे, तिला रोज फिरणाऱ्या लाखो गाड्यांचे माप लावू नये.

हे म्हणणे मान्य झाले. १९९८ च्या वाहतूकविषयक कायद्यात तरतूद झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये ‘प्रदर्शनासाठी’ म्हणून ओळखला जाणारा नियम लागू झाला. गाडी ऐतिहासिक किंवा तांत्रिक दृष्ट्या महत्त्वाची असावी, साधारणपणे ५०० पेक्षा जास्त बनलेली नसावी, आणि रस्त्यावर वर्षाला २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवू नये, अशा त्याच्या अटी आहेत. अर्ज मालकाने करायचा. गाडी विकली तर नव्या मालकाने पुन्हा परवानगी घ्यायची. ९५९, मॅक्लॅरेन एफ-वन, जॅग्वार एक्सजे-२२०, बुगाटी ईबी-११० यांसारख्या मोटारी या नियमात बसल्या.

मात्र सूट मिळाली ती सुरक्षा मानकांतून. धुराच्या नियमातून नाही. कनेपा यांच्या वर्कशॉपने ९५९ च्या इंजिनाची नियंत्रण यंत्रणा आणि धूर सोडण्याची व्यवस्था बदलून ती कॅलिफोर्नियाच्या कडक चाचणीत पास करून दाखविली. हे काम कारागिराचे होते. कायद्याने दार उघडले, पण आत नेले ते हुनराने.

पंचवीस वर्षांचा हिशेब

गाडी बनून पंचवीस वर्षे झाली की सुरक्षा मानकांची अट अमेरिकेत उरत नाही. धुरासाठी ही मुदत एकवीस वर्षांची आहे, पण इंजिन मूळचेच हवे. ९५९ गाड्यांना ही सूट २०१२ च्या सुमारास मिळू लागली. वय बनल्याच्या महिन्यापासून मोजतात. त्यामुळे जपानच्या निसान स्कायलाइन जीटी-आरसारखी गाडी चोविसाव्या वर्षी घेऊन तिथेच गोदामात ठेवायची आणि महिना भरला की बोटीत चढवायची, असा व्यापारच उभा राहिला. पण इथेही एक मेख आहे. केंद्र सरकार पंचवीस वर्षांनी सोडते. कॅलिफोर्निया राज्य १९७६ नंतरच्या पेट्रोल गाडीला आपली धुराची चाचणी पास झाल्याशिवाय सोडत नाही. बंदरातून सुटलेली गाडी नंबर प्लेटसाठी अडते ती अशी.

याच स्कायलाइनची दुसरी बाजूही व्यापाऱ्यांनी पाहावी. कॅलिफोर्नियातील एका आयातदार कंपनीने खर्च करून चाचण्या केल्या आणि २००० साली १९९० ते १९९९ च्या स्कायलाइन गाड्या आणण्यास मान्यता मिळविली. पुढे तपासणीत निघाले की चाचणीचा पुरावा फक्त १९९६ ते १९९८ च्या एका पिढीपुरता होता. बाकीच्या गाड्यांची मान्यता मागे घेतली गेली. एका नगाचा दाखला दुसऱ्या नगाला चिकटविला तर शेवटी बाजारच बंद होतो, आणि फटका बसतो तो सरळ मार्गाने आलेल्यालाही.

इतर देशांचे माप

ब्रिटनने वेगळी तोड काढली. १९९८ पासून तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून ती पास करण्याची पद्धत आहे. २००९ पासून ती नव्या रूपात चालू आहे. गाडी मोडत नाहीत. आरसे, टोकदार कडा, आवाज, धूर, ब्रेक, दिवे पाहतात आणि त्या एका गाडीपुरता दाखला देतात. घरगुती वर्कशॉपमध्ये जोडलेली मोटारही या वाटेने रस्त्यावर येते.

भारतात नव्या मॉडेलची मान्यता पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेच्या चाचणीनंतर मिळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मान्य परदेशी दाखला असलेल्या गाड्यांना वर्षाला २,५०० नगांपर्यंत इथल्या फेरचाचणीतून सूट दिली. म्हणजे आपल्या सरकारनेही संख्येची रेघ ओढली. महागड्या परदेशी कंपन्यांना तिचा फायदा झाला.

लहान कारखान्यांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जगभरात मिळून वर्षाला ५,००० पेक्षा जास्त गाड्या न बनविणाऱ्या कारखान्याला जुन्या मोटारीच्या हुबेहूब प्रती वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची मुभा कायद्याने दिली. इंजिन मात्र धुराच्या नियमात बसणारे हवे. कायदा झाला, पण नियम निघेनात. कारखाने तयार, गिऱ्हाईक तयार, आणि हात बांधलेले! शेवटी या व्यवसायाच्या संघटनेने २०१९ मध्ये सरकारी खात्याला कोर्टात खेचले. नियम निघाले ते त्यानंतरच.

आपण काय घ्यावे?

नियम नसावेत, असा याचा अर्थ नाही. भिंतीवर मोटार आदळवून पाहण्याच्या नियमांनी असंख्य जीव वाचविले आहेत. १९९० च्या दशकात जर्मनीने घातक अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्या रंगाऱ्यांनी कुरकुर केली, पण ती बंदी अंगाला कापड लावणाऱ्याच्या भल्याचीच होती. तक्रार असावी ती मापाची. दहा हजार मीटरच्या लॉटला आणि दोनशे मीटरच्या लॉटला प्रयोगशाळेची फी सारखीच पडते, तेव्हा मोठी गिरणी टिकते आणि हातमागवाला निर्यातीतून उठतो. तो वाईट माल बनवितो म्हणून नव्हे, थोडा माल बनवितो म्हणून.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, माल घेण्यापूर्वी दाखल्याची चौकशी करावी, बयाणा दिल्यावर नव्हे. आणि चौकशी प्रत्येक खात्यात वेगळी करावी. दुसरी, चाचणीचा खर्च दर नगावर वाटून मगच भाव सांगावा, आणि जमेल तिथे दहा जणांनी मिळून एकच चाचणी करावी. मात्र माल, रंग आणि प्रक्रिया खरोखर एकच असेल तरच. तिसरी, माप चुकीचे असेल तर एकेकट्याने चोरवाट शोधण्यापेक्षा संघटनेने लेखी मागणी करावी की अमुक नगांखाली फी कमी असावी किंवा तपासणीची पद्धत वेगळी असावी. अशी रेघ अमेरिकेने पाचशेवर आणि सव्वातीनशेवर ओढली, आपल्या सरकारने अडीच हजारांवर ओढली. ती हातमागाच्या दोनशे मीटरवरही ओढता येते, मागणारे हवेत.