‘वाडी’ शब्दाचे अर्थ व मूळ

मुंबईच्या जुन्या खरेदीखतांत ‘वाडी’ हा शब्द आढळला कीं, वाचकाच्या डोळ्यांपुढें गिरगांवांतील फणसवाडी, आंबेवाडी किंवा खोताची वाडी उभी राहते, व तो त्याचा अर्थ ‘घरांचा समूह’ असा करून मोकळा होतो. जुन्या कागदांच्या बाबतींत हा अर्थ फसवा ठरण्याचा संभव असल्यामुळें शब्दाचें मूळ पाहणें अवश्य आहे.

संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून ‘वाटी’ व ‘वाटिका’, आणि पुढें प्राकृतांत ‘वाडी’. ‘वाट’ हें रूप वेढणें या अर्थाच्या ‘वृ’ धातूकडे जातें. आपली ‘वई’ही त्याच धातूच्या ‘वृति’ या शब्दापासून निघाली आहे. तेव्हां कुंपण हा मूळ अर्थ, कुंपणांतील बाग हा दुसरा, व बागेंत वसलेलीं घरें हा तिसरा. गुजरातींत ‘वाडी’चा बाग हा अर्थ टिकला, बंगालींत ‘बाडी’ म्हणजे घर झालें, कोंकणांत वाडी हा गांवाचा पोटभाग ठरला. परकी भाषांतही हीच चाल दिसते. जर्मन ‘त्साउन’ म्हणजे कुंपण, तर त्याचा सगोत्र इंग्रजी ‘टाउन’ म्हणजे नगर. लात्वियन ‘सेता’ या एकाच नामांत कुंपण, अंगण व शेतकऱ्याचें घर हे तिन्ही अर्थ नांदतात.

मुंबईंतील नांवेंच याची साक्ष देतात. फणस, आंबा, केळें यांवरून पडलेलीं नांवें घरांचीं नव्हत, झाडांचीं होत. इंग्रजी लेखांत माडांच्या बागेस ‘ओआर्ट’ म्हटलें आहे. हा पोर्तुगीज ‘ओर्ता’, म्हणजे बाग, याचा अपभ्रंश. १५३४ च्या तहानंतर पोर्तुगीजांकडे असलेलें बेट १६६५ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत आलें, त्याबरोबर हा शब्दही आला. परळानजीकच्या लालबागेंत फारशी ‘बाग’ शिल्लक आहे. शब्द निरनिराळ्या भाषांतले. जमीन मात्र एकाच जातीची.

म्हणून कागद हातीं आल्यावर ‘वाडी’ या शब्दावर न थांबतां त्याच्या भोंवतालचे शब्द पाहावे. झाडें व विहीर यांची नोंद असून घरांचा उल्लेख नसेल, तर ती बाग समजावी. घरें व भाडें यांची नोंद असेल, तर वस्ती. हा विवेक न केल्यास जेथें केवळ माड उभे होते तेथें आपण माणसें वसवितों, आणि एका शब्दापायीं वस्तीचा काळ मागें ढकलला जातो.