बुफेतील ट्रे आणि आपले हात

बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी पालकांना हात धुण्याचे महत्त्व सांगत आलो आहे. तरीही मे २०२३ मध्ये भूमध्य समुद्रातील एका क्रूझवर माझ्याच हातून जी चूक घडली, ती आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता अशा सहलींना जातात; मुंबईहून गोव्याकडेही क्रूझ सुरू झाल्या आहेत.

जहाजावरील बुफेच्या दाराशी सॅनिटायझर होते. ते हातांवर चोळून मी ट्रे उचलला. थोरली ताई काठी घेऊन चालते, तिची चार वर्षांची नात बरोबर. तेव्हा तिघांचे खाणे एकाच ट्रेवर आणणे सोयीचे वाटले. आठ-दहा पदार्थांचे डाव आणि चिमटे हाताळले, ब्रेड व सफरचंदाच्या फोडी थेट ट्रेवरच ठेवल्या आणि टेबलाशी बसून त्याच हाताने नातीला घास भरविले. दुसऱ्या दिवशी रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. ओआरएस चमच्याचमच्याने पाजत आम्ही ती रात्र काढली. दोन दिवसांत मुलगी सावरली. ताई रागावली नाही, एवढेच म्हणाली, "अरे, तुझ्या दवाखान्यात हात धुण्याची पाटी आहे ना?"

शौचाची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे कारण नोरोव्हायरसच होते किंवा तो त्या ट्रेवरूनच आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु लक्षणे आणि कालावधी त्या विषाणूशी जुळणारे होते.

विषाणूची ओळख

१९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. त्या साथीतील नमुन्यांत हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला, तो १९७२ मध्ये. गावाच्या नावावरूनच त्याचे आजचे नाव आले. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात आणि बहुधा १ ते ३ दिवसांत रोगी बरा होतो. संसर्गास शंभराहूनही कमी विषाणुकण पुरतात, आणि पृष्ठभागांवर हा विषाणू कित्येक दिवस टिकू शकतो.

यातील कळीचा मुद्दा असा की, या विषाणूला मेदाचे बाह्य आवरण नाही. अल्कोहोल ज्या आवरणावर आघात करून फ्लू किंवा कोरोनाचा विषाणू निकामी करते, ते आवरणच येथे नसल्याने सॅनिटायझरचा प्रभाव तोकडा पडतो. साबण आणि वाहते पाणी मात्र विषाणूला हातावरून धुऊन काढतात. मी सॅनिटायझरवर विसंबलो, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक क्रमाची. आपण हात स्वच्छ करतो ते बुफेत शिरताना. त्यानंतर शेकडो हातांनी धरलेले डाव आपण धरतो आणि त्याच हाताने जेवतो. काट्या-चमच्याने खाणाऱ्यापेक्षा पोळीचा तुकडा मोडणाऱ्या आपल्या लोकांना हा धोका अधिक. पंगतीत डाव केवळ वाढप्याच्या हाती असे. बुफेत प्रत्येक पाहुणा वाढपी झाला आहे.

ट्रे हवा की नको?

अनेक जहाजांवर आता ट्रे ठेवीत नाहीत. त्याऐवजी मोठ्या लांबट थाळ्या देतात. ट्रे असला की माणूस गरजेपेक्षा अधिक वाढून घेतो, अन्न वाया जाते, शिवाय तो धुण्यास गोडे पाणी लागते. जहाजावर हे पाणी बंदरातून भरून घ्यावे लागते वा समुद्राच्या पाण्यापासून तयार करावे लागते. याच कारणांनी अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनीही २००० नंतरच्या दशकात भोजनगृहांतून ट्रे हटविले. दुसरीकडे, वृद्ध आणि लेकुरवाळ्या मंडळींची ट्रेने फेरी वाचते, हेही खरे. म्हणून ट्रेला दोष न देता तो वापरण्याची रीत शिकावी.

ट्रे ही थाळी नव्हे. तो कठड्यावर आणि अनेक टेबलांवर टेकलेला असतो. ब्रेड, फळे वा चमचे त्यावर उघडे ठेवू नयेत. दुसऱ्यांदा वाढून घेताना प्रत्येक वेळी नवी थाळी घ्यावी. उष्टी थाळी पुन्हा बुफेपाशी नेऊ नये. ट्रे टेबलावर ठेवल्यानंतर, पहिल्या घासापूर्वी, साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत; मुलांचेही धुवावेत.

गरम सूप आणि चहा अन्य पदार्थांबरोबर ट्रेवर आणू नये. हेलकावणाऱ्या जहाजावर ट्रे मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून जातो; भाजण्याचा हा धोका संसर्गाहून कमी नाही. मूल दुसऱ्या मोठ्या माणसापाशी बसवूनच वाढण्यास जावे. गरम पदार्थ वाफाळते आणि थंड पदार्थ खरोखर थंड असतील तरच घ्यावेत. कोमट पदार्थ टाळावेत.

आजार झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू होताच जहाजावरील डॉक्टरांना कळवावे. सहल बुडेल म्हणून आजार लपविणे हा सहप्रवाशांवर अन्याय होय. दोन ते दहा वर्षांच्या मुलास प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावे. लघवी कमी होणे, मूल सुस्तावणे, डोळे खोल जाणे या खुणा दिसताच विलंब करू नये. सामानात ओआरएसची पाकिटे अवश्य असावीत.

क्रूझविषयी भय निर्माण करण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या मते तेथे नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या सर्व साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे १ टक्काच असतात. बुफे तर आता आपल्या लग्नकार्यांत आणि मंडळाच्या स्नेहसंमेलनातही आहे. पुढील संमेलनात सॅनिटायझरची बाटली वाढप्याच्या टेबलाशी असू द्यावी. पण साबण आणि नळ जेवणाच्या टेबलांजवळ असावेत, एवढी विनंती. ताईच्या प्रश्नाला माझे उत्तर तेच राहील.