पौषातला 'घाम'

काठमांडूला जायचे ते मे महिन्यात, मुलांच्या शाळांना सुट्ट्या लागल्यावर, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत, ऐन पौषात, तेही पंच्याहत्तरीच्या सासूबाईंना बरोबर घेऊन आम्ही निघालो तेव्हा गल्लीतल्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढले. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, दमा आहे. "एवढ्या थंडीत म्हातारीला कुठे नेता?" हा प्रश्न निदान वीस जणांनी विचारला असेल. अव्वांचे एकच उत्तर होते: पशुपतिनाथ बघायचा आहे, आणि उन्हाळ्यापर्यंत थांबायला मला सांगू नका.

जानेवारीत काठमांडूचे रात्रीचे तापमान दोन-तीन अंशांवर येते आणि दुपारी अठरा-एकोणीसपर्यंत चढते. शहर सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. बर्फ मात्र शहरात जवळजवळ पडतच नाही. १४ फेब्रुवारी २००७ ला पडला, तो साठाहून अधिक वर्षांनी, आणि लोक रस्त्यावर नाचले होते म्हणे. हे आकडे वाचून बेळगावच्या माणसाला फारशी धास्ती वाटत नाही. आपल्याकडेही पहाटे हुडहुडी भरतेच की! पण तिथली थंडी बाहेर नसते, घरात असते. सिमेंटची घरे, खाली गार फरशी, खोल्या तापवायची सोय नाही. सकाळी नऊ वाजता खोलीत स्वेटर-शाल घालून कुडकुडणारा माणूस गच्चीवर गेला की दहा मिनिटांत शाल काढून ठेवतो. म्हणून सारे शहर सकाळी गच्चीवर, ओट्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसलेले असते. कुणी संत्री सोलते, कुणी विणते, कुणी तान्ह्या बाळाला मोहरीचे तेल चोळते.

या उन्हाला नेपाळीत म्हणतात 'घाम'. 'घाम ताप्ने' म्हणजे उन्हात शेकत बसणे. पहिल्या सकाळी लॉजच्या बाईंनी "माथि घाम छ" म्हणून जिन्याकडे बोट दाखवले, तेव्हा वर काय असेल याचा अव्वांना प्रश्न पडला. लिपी देवनागरीच असल्यामुळे आपल्याला तिथल्या सगळ्या पाट्या वाचता येतात, आणि त्यामुळेच अशा गमती होतात. दुकानाला 'पसल', गरम पाण्याला 'तातो पानी'. दोन दिवसांत अव्वा स्वतःच विचारू लागल्या, "घाम बंत?"

जाण्याची हकीकत थोडक्यात सांगते. त्या वर्षी १३ जानेवारीला प्रयागचा महाकुंभ सुरू होत होता. गोरखपूरमार्गे रेल्वेने जायचा विचार आम्ही तिकिटांची स्थिती बघून सोडला आणि दिल्लीमार्गे विमानाने गेलो. दिल्लीत धुक्याने पाच तास बसवून ठेवले. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, हा भाव १९९३ पासून तोच आहे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

पोचलो तेव्हा जो तो भूकंपाविषयी बोलत होता. तीनच दिवसांपूर्वी, ७ जानेवारीला, तिबेटात मोठा भूकंप होऊन शंभरावर माणसे गेली होती, आणि त्याचे हादरे काठमांडूत भल्या पहाटे जाणवले होते. त्या थंडीत लोक अंथरुणातून उठून अनवाणी रस्त्यावर आले. २५ एप्रिल २०१५ ची आठवण अजून कुणाच्या अंगातून गेलेली नाही. त्या दिवशी नेपाळात नऊ हजारांच्या आसपास माणसे मेली.

वडीलधाऱ्यांना घेऊन हिवाळ्यात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काठमांडू हे डोंगरांनी वेढलेले खोरे आहे, परातीसारखे. थंडीत गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते, आणि वाहनांचा, वीटभट्ट्यांचा, कचरा जाळल्याचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. जानेवारी २०२१ मध्ये हवा इतकी बिघडली की सरकारने चार दिवस शाळा बंद ठेवल्या. आमच्या डॉक्टरांनी अव्वांना बजावले होते की दहाच्या आधी बाहेर पडायचे नाही, आणि तो नियम आम्ही पाळला. ऊन चढले, वारा सुटला की हवा थोडी मोकळी होते. दुसरी गोष्ट शेगडीची. खोली गार म्हणून दारे-खिडक्या लावून गॅसचा हीटर रात्रभर चालू ठेवू नये. जानेवारी २०२० मध्ये काठमांडूच्या दक्षिणेला दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून आलेले आठ पर्यटक असेच झोपेत गुदमरून गेले. त्यांत चार मुले होती. आम्ही दोन-दोन जाड सिरक मागून घेतल्या, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेतल्या आणि हीटर खोलीबाहेर ठेवायला लावला. लॉजवाल्यांना ते थोडे चमत्कारिक वाटले, पण वाटू दे.

पशुपतिनाथाला आम्ही रविवारी, १२ तारखेला गेलो, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार आणि पौष पौर्णिमा एकत्र आल्याने गर्दी होणार होती. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे लागते. पश्चिम दारासमोर सोन्याचा मुलामा दिलेला भलामोठा नंदी आहे. गाभाऱ्याला चारी दिशांना दारे आणि लिंगालाही चार बाजूंना चार मुखे, त्यामुळे कुठल्याही दाराने दर्शन होते. मागे बागमतीच्या काठी आर्यघाट, तिथे चिता जळत असतात आणि त्यांचा धूर देवळाच्या धुपात मिसळतो. थंडीत लोक त्या घाटासमोरच्या पायऱ्यांवरही उन्हाला बसलेले असतात. कुणाला त्याचे काही वाटत नाही.

पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी पिढ्यान्पिढ्या कर्नाटकातून येतात, हे आपल्या भागात अनेकांना ऐकून ठाऊक असते. त्यांना तिथे भट्ट म्हणतात. लिंगाला स्पर्श फक्त त्यांनीच करायचा. त्यांच्या मदतीला राजभंडारी असतात, ते इथले नेवार. दक्षिणेतलाच पुजारी का, याचे एक कारण असे सांगतात की राजा वारला की सारा देश सुतकात जायचा, तेव्हा देवाची पूजा थांबू नये म्हणून परक्या मुलखातला माणूस हवा. २००८ च्या अखेरीस माओवादी सरकारने भट्टांच्या जागी नेपाळी पुजारी नेमले. त्यावरून मोठे आंदोलन झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये सरकारने माघार घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नाटकातून नव्याने गेलेल्या दोन पुजाऱ्यांना मारहाण झाली. परंपरा तरी चालू राहिली. आमच्या देवळात आमचा पुजारी का नको, असे एखाद्या नेपाळी माणसाने विचारले तर तो प्रश्न मला अगदीच गैर वाटत नाही. मात्र देवाच्या दारात पुजाऱ्याच्या अंगावर हात टाकणाऱ्यांनी तो प्रश्नच नासवला.

आवारात एका बाजूला आम्ही अव्वांना बसवले होते. तिथे शेजारी दोघे कन्नडमध्ये बोलत उभे होते, त्यातले एक भट्टांच्या घरचे निघाले. अव्वांनी बसल्या जागेवरून विचारले, "निम्म ऊरु याव्दरि?" त्यांनी किनारपट्टीवरच्या एका गावाचे नाव सांगितले. मग पंधरा-वीस मिनिटे दोघांचे बोलणे चालले: तिकडचा पाऊस, इकडची थंडी, भात, मुलांच्या शाळा. अव्वांचे माहेर गोकाक तालुक्यातले. लग्न होऊन आमच्या मराठी घरात आल्याला पन्नास वर्षे झाली, आणि त्यांचे कन्नड आता माहेरचा फोन आणि भाजीवाली एवढ्यापुरते उरले आहे. परतताना टॅक्सीत म्हणाल्या, "त्यांचं कन्नड पुस्तकातल्यासारखं आहे. आमचं आपलं साधं." पण त्या संध्याकाळी त्या माझ्याशीही कन्नडच बोलत होत्या.

संक्रांतीला आम्ही पाटणला एका मैत्रिणीच्या घरी होतो. पुण्यात एम. ए. करताना ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. नेवार घरांत स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर असते. अव्वांचे गुडघे त्याला कुरकुरले खरे, पण थंडीत त्या रचनेइतके शहाणपणाचे दुसरे काही नाही, कारण चूल आणि ऊन एकाच मजल्यावर. नेपाळचे महिने सूर्यावर चालतात, म्हणून संक्रांत म्हणजेच माघाची पहिली तारीख. ताटात तिळाचे लाडू, तूप, उकडलेला कंद (ते तरुल म्हणतात) आणि चाकू. दचकू नका, चाकू म्हणजे उसाच्या गुळाचा पाक आटवून, ओढून केलेली काळपट, चिवट वडी. काठमांडूच्या उत्तरेचे टोखा गाव त्यासाठी प्रसिद्ध. तांदळाच्या पिठाच्या पारीत हाच चाकू आणि तीळ भरून वाफवले की योमरी होते. ती खरी मार्गशीर्ष पौर्णिमेची, पण आमच्यासाठी मुद्दाम केली होती. अव्वांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "कडबू." मी म्हटले, "मोदक." मैत्रीण म्हणाली, शेपूट असते म्हणून आम्ही तिला मासा म्हणतो.

जेवणाआधी मैत्रिणीच्या सासूबाईंनी वाटीत मोहरीचे तेल कोमट केले आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांच्या टाळूवर थेंब-थेंब घातले. आपण बाळाची टाळू भरतो तसे, फक्त इथे चाळिशीतल्या माणसांचीही. घरात त्यांना 'अजि' म्हणतात. नेवारांच्या भाषेत आजीला हाच शब्द आहे. मराठीत आजी, कन्नडात अज्जी, तिथे अजि. अव्वांना त्याचे फार नवल वाटले, आणि त्या दोघी मग तास-दीड तास गच्चीत शेजारी बसून होत्या. तीळ कुठवर भाजायचे याबद्दल दोघींचे मत वेगळे आहे, एवढे आम्हाला हातवाऱ्यांवरून कळले.

अजि बोलतात ती नेपाळ भाषा. नाव फसवे आहे. ती नेपाळी नव्हे, नेवारांची स्वतःची भाषा, तिबेटी-बर्मी कुळातली. काठमांडूला त्या भाषेत येँ, पाटणला यल, भक्तपूरला ख्वप म्हणतात. एका गावाला दोन नावे असली की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. राणांच्या राजवटीत या भाषेत लिहिणे हाच गुन्हा ठरला. कवी चित्तधर हृदय यांना १९४१ मध्ये तुरुंगात टाकले, आणि बुद्धचरित्रावरचे 'सुगत सौरभ' हे महाकाव्य त्यांनी तुरुंगातच लिहिले. पुढे लोकशाही आल्यावर १९९७ मध्ये काठमांडू महानगरपालिकेने नेपाळीबरोबर नेपाळ भाषाही कारभारात आणली. १ जून १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०२४ मध्ये बागमती प्रांताने नेपाळ भाषा आणि तामाङ या भाषांना नेपाळीच्या जोडीने सरकारी कामकाजाच्या भाषा म्हणून मान्यता दिली. महानगरपालिका, भाषा, न्यायालय, हे सगळे ऐकताना मी मैत्रिणीला म्हटले, "तू माझ्याच गावाची गोष्ट सांगते आहेस."

पण तिची काळजी वेगळीच होती. २०२१ च्या जनगणनेत नेवार १३ लाखांवर भरले आणि नेपाळ भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे ८ लाख ६३ हजार. म्हणजे प्रत्येक तिघांतल्या एकाने ती घराबाहेर ठेवली. त्यासाठी कोणत्या न्यायालयाची गरज पडली नाही. रात्री स्वस्थानीची पोथी वाचायला घेतली तेव्हा ते मला समोरच दिसले. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत घरोघरी रोज एक अध्याय वाचतात, एकूण ३१. त्यात शिव-पार्वती आहेत, आणि सातव्या वर्षी सत्तर वर्षांच्या ब्राह्मणाला दिलेली गोमा आहे. ही पोथी नेपाळ भाषेतही आहे आणि त्या घरात ती कपाटात होती. पण वाचणारा होता दहावीतला नातू, म्हणून काढली ती नेपाळीतली. अजि पांघरूण लपेटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी विचारले, नातवाने नेपाळीत उत्तर दिले आणि पुढे वाचू लागला.

मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला समजतं सगळं. बोलत नाही." हे वाक्य मी आमच्या मुलाबद्दल, अव्वांच्या कन्नडवरून, पाहुण्यांना कितीदा तरी ऐकवले आहे. अव्वा तेव्हा समोरच बसलेल्या असतात.

आम्ही आलो त्याला आठ महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले, सिंहदरबार जळाला, सरकार गेले. मैत्रिणीला तीन दिवस फोन लागत नव्हता, आणि अव्वा रोज विचारत होत्या, "अजि हेंगिद्दाळ?" सगळे सुखरूप होते. तेव्हा जायचा बेत असेल तर तिथली परिस्थिती विचारून जावे.

परत येताना अजिंनी अव्वांच्या पिशवीत किलोभर चाकू घातला होता. दिल्लीत विमान बदलताना तपासणीच्या शिपायाने त्या काळ्या ढेपेवर बोट ठेवून विचारले, "अम्माजी, इसमें क्या है?" अव्वांनी खणखणीत आवाजात खरे ते सांगितले.

बेळगावच्या विमानात आम्हीच सगळ्यात शेवटी चढलो.