पहिला परतावा कुणाच्या पैशांतून?

पुण्याहून सोलापूरकडे निघाले आणि यवत मागे पडले, की महामार्गावर भांडगावची पाटी दिसते. दौंड तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यातले हे गाव. शहरी वाचकाची त्याच्याशी ओळख बहुधा मोटारीच्या काचेतून दिसणाऱ्या त्या पाटीपुरतीच असते. अशा गावांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. उसाचे बिल निघाले, एखादी जमीन विकली गेली, तर तो एकदम येतो आणि पुढचे वर्षभर पुरवावा लागतो. पूर्वी तो गावात चार डोळ्यांदेखत येई. आता तो बँकेच्या खात्यात जमा होतो आणि खाते मोबाईलला जोडलेले असते. बिल जमा झाल्याचा संदेश आणि ‘घरबसल्या दररोज कमवा’ हा संदेश एकाच पडद्यावर, एकाखाली एक येतात. हिंजवडीतल्या अभियंत्याच्या पडद्यावरही तेच दोन संदेश असतात. त्याच्याकडे बिलाऐवजी पगार असतो, इतकाच फरक.

अशा योजनांत फसणारा माणूस लोभी असतो, असे आपण सहज म्हणून जातो. हे निदान सोपे आहे, पण अपुरे आहे. फसलेल्यांपैकी पुष्कळ जण सावध होते. त्यांनी आधी थोडीच रक्कम गुंतवली, परतावा येतो का ते पाहिले, तो आल्यावरच मोठी रक्कम घातली. व्यवहारी माणूस याहून वेगळे काय करील? खोट नेमकी या परीक्षेतच आहे. पहिला परतावा मिळाला म्हणजे योजना खरी, हे गृहीतच चुकीचे आहे आणि योजना रचणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

‘स्पीक एशिया’ हे प्रकरण अनेकांना आठवत असेल. सिंगापूरस्थित या कंपनीने २०१० पासून भारतात जाळे पसरले. वर्षाचे ११ हजार रुपये भरायचे, आठवड्याला इंटरनेटवर दोन सर्वेक्षणे भरून द्यायची आणि प्रत्येकी ५०० रुपये मिळवायचे. म्हणजे आठवड्याला एक हजार, वर्षाला ५२ हजार. आता हिशेब पाहा. पहिले ११ आठवडे कंपनीने तुम्हाला जे दिले, ते तुमचेच ११ हजार होते. त्यासाठी तिला कोणताही व्यवसाय करण्याची गरज नव्हती. सभासद मात्र या तीन महिन्यांत बँकेचे पासबुक घेऊन मेहुण्याला, साडूला आणि कार्यालयातल्या सहकाऱ्याला दाखवत होता. छापील नोंद खोटी नव्हती, तिचा अर्थ खोटा होता.

बारावा आठवडा उजाडला की दुसऱ्याचे पैसे लागतात. उरलेल्या ४१ हजारांसाठी आणखी जवळपास चौघांचे शुल्क हवे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सभासद सुमारे २४ लाख होते आणि गोळा झालेली रक्कम दोन हजार कोटींच्या वर होती. कंपनीने स्वतः एक रुपयाही घेतला नाही असे मानले, तरी या २४ लाखांचे वर्ष पूर्ण करायला सुमारे ९० लाख नवे सभासद लागतात. त्या ९० लाखांचे शुल्क खर्चून गेल्यावर त्यांना पोसायला सव्वाचार कोटी आणि त्यांच्या पाठोपाठ २० कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अर्थात हिशेब इथवर पोहोचलाच नाही. मे २०११ मध्ये, ग्राहक म्हणून ज्यांची नावे सांगितली जात होती त्यांपैकी काही बड्या कंपन्यांनी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले, आणि देणी थांबली. विशेष म्हणजे त्यानंतरही सभासदांची एक संघटना कंपनीच्या बाजूने उभी राहिली. ज्याचे पैसे अडकलेले असतात, त्याला योजना खरी असण्याची सर्वाधिक गरज असते.

दुसरे प्रकरण पुण्याच्या अधिक जवळचे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेविरुद्ध २०१८ मध्ये निगडी आणि दत्तवाडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. योजना अशी होती: तुमचे बिटकॉइन कंपनीला द्या, ते ‘मायनिंग’मध्ये वापरले जातील आणि १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन परत मिळतील. एक बिटकॉइन दिले तर महिन्याला एक दशांश. इथेही तोच डाव. पहिले १० महिने कंपनी तुमचेच बिटकॉइन तुकडे करून तुम्हाला देऊ शकते.

बिटकॉइन म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांचे सोडा. ज्यांना ते समजते असा विश्वास होता, त्यांच्यासाठी एक धोक्याची खूण उघड्यावर होती. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. साधारण दर दहा मिनिटांनी नवी नाणी निघतात आणि दर चार वर्षांच्या सुमारास ती निम्मी होतात. ९ जुलै २०१६ रोजी हा आकडा २५ वरून साडेबारावर आला. शिवाय यंत्रे वाढतात तसे गणित अवघड होत जाते, म्हणजे त्याच यंत्राचे उत्पन्न कमी होत जाते. अशा धंद्यात कुणी दीड वर्ष न बदलणारा, तोही बिटकॉइनमध्येच मोजलेला परतावा देतो म्हणत असेल, तर ते विहिरीचे पाणी आटत असताना दररोज तितक्याच घागरी भरून देण्याचे आश्वासन आहे. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच आभासी नाणे गुंतवणूकदारांच्या माथी मारले गेले. त्याला बाजारात मोल उरले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खऱ्या बिटकॉइनचा भाव २० हजार डॉलरच्या जवळ गेला होता. ज्यांनी काहीच न करता आपले नाणे जवळ ठेवले, ते श्रीमंत झाले. ज्यांनी ते ‘वाढवायला’ दिले, त्यांचे गेले.

भारद्वाजचे जानेवारी २०२२ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांनी तपासात साह्य करणाऱ्या दोघा सायबरतज्ज्ञांनाच अटक केली. जप्तीच्या कामात हाती आलेली नाणी त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले.

या सर्वांशेजारी आपली भिशी ठेवून पाहावी. दहा जणांनी दरमहा हजार रुपये टाकायचे आणि पाळीपाळीने एकाने दहा हजार उचलायचे. लिलावाच्या भिशीत थोडे कमीजास्त होते, पण सर्वांनी मिळून घातले त्याहून अधिक तिच्यातून निघत नाही आणि तसे कुणी सांगतही नाही. भिशी बुडते ती माणूस पळाल्यामुळे. वरील योजना मात्र कुणीही पळाले नाही तरी बुडतातच. नव्या योजनांनी भिशीपासून घेतला तो फक्त ओळखीचा विश्वास, आणि तोच सर्वांत महाग पडतो. पैसे घेऊन गेलेला इसम कुठे आहे ते माहीत नसते, पण योजनेत आणणारा दोन घरे पलीकडे राहतो. शहराच्या सोसायटीत माणूस बोलणे टाळू शकतो. भांडगावएवढ्या गावात पाणीपाळी, लग्नकार्य, ग्रामदेवतेची यात्रा सगळीकडे त्याच माणसाशी गाठ पडते. तक्रार न होण्यामागे लाजेइतकेच हेही कारण असते.

कायद्याचीही एक बाजू सहसा सांगितली जात नाही. १९७८ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या साखळी योजना चालवण्यावर बंदी आहेच, पण अशा योजनेत सभासद होणे, तिच्यासाठी पैसे घेणे वा पाठवणे यालाही मनाई आहे. म्हणजे चार ओळखीच्या माणसांना जोडून ‘कमिशन’ घेणारा केवळ बळी राहत नाही. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा आणि अनियंत्रित ठेव योजनांविरुद्ध केंद्राचा २०१९ चा कायदाही आहे. कोणती संस्था ठेवी घेण्यास पात्र आहे हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते.

अलीकडच्या ‘टास्क’ फसवणुकीत हा खेळ वर्षांवरून तासांवर आला आहे. टेलिग्रामवरच्या गटात चित्रफितींना पसंती द्यायची, पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. इथे ते तुमचेही नसतात, गळाला लावलेले आमिष असते. मग ‘प्रीपेड टास्क’साठी आधी पैसे भरायचे. पडद्यावर लाखांची शिल्लक दिसू लागते आणि ती काढायला गेले की कर, शुल्क, दंड यांसाठी आणखी रक्कम मागितली जाते. बनावट शेअर व्यवहारांच्या ॲपमध्येही हेच घडते. पडद्यावरचा आकडा कुणीतरी टंकलेला असतो. त्यामागे खाते नसते.

आपले पैसे मात्र खऱ्या खात्यांतून फिरतात. ही खाती बहुधा चार-दोन हजारांसाठी आपले पासबुक व एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांची असतात. एका खात्यातून रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत पांगते. म्हणून १९३० या क्रमांकावर तक्रार पहिल्या तासाभरात झाली, तर वाटेतल्या एखाद्या बँकेत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ‘उद्या पाहू’ म्हटल्यास ती झपाट्याने घटते. व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि संभाषणाची छायाचित्रे जपून ठेवावीत. संतापाच्या भरात गट सोडून संदेश पुसून टाकले, तर तपासाला धागाच उरत नाही.

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी आणखी एक दूरध्वनी येऊ शकतो. समोरचा स्वतःला वकील किंवा सायबर अधिकारी म्हणवतो, तुमची बुडालेली रक्कम त्याला अचूक ठाऊक असते, आणि ती सोडवून आणण्यासाठी त्याला फक्त प्रक्रिया शुल्क हवे असते.